पाच पायऱ्यांचं घर

महालक्ष्म्या यायच्या दिवशी मी त्यांची पावलं उलटी चिकटवली. फाटकाबाहेरच्या रॅम्पपासून देवघरापर्यंत बावीस पावलं, सगळीच्या सगळी रस्त्याकडे तोंड करून. एखाददुसरं चुकलं असतं तर घाई झाली म्हणता आलं असतं. पण मी सुतळी ताणून, एका रेषेत, सारखं अंतर ठेवून चुकलो होतो. आमच्या घराण्यात चूक अशीच करतात, नीटनेटकी.

दरवर्षी पावलं आई काढायची. तांदळाच्या ओल्या पिठात मूठ बुडवायची, फरशीवर टेकवायची, वर पाच बोटांचे पाच ठिपके. त्या वर्षी तिचे गुडघे वाकेनात आणि बायको उभ्या महालक्ष्म्यांना साड्या नेसवण्यात गुंतलेली. म्हणून मी पुढे झालो. वर्ध्याच्या बाजारातून तयार स्टिकर आणले, लाल पावलं, सोनेरी कड. देवघरापासून सुरुवात केली आणि जसा बाहेर सरकत गेलो तशी पावलं लावत गेलो. म्हणजे ती पावलं माझीच होती म्हणा, देवीची नव्हतीच.

चूक कळली ती भर मुहूर्तावर. बायको मुखवटा हातात घेऊन फाटकाशी उभी, आई दारात खुर्चीवर. आईनं विचारलं, "कोन आलं?"

"महालक्ष्म्या आल्या."

"कशाच्या पावलानं आल्या?"

'सोन्याच्या' म्हणायचं असतं. बायकोनं खाली पाहिलं. आईनंही पाहिलं. तिची नजर पावलापावलानं फाटकापर्यंत गेली, रॅम्पवर गेली, रस्त्यापर्यंत गेली.

"बाबू," आई म्हणाली, "ह्या तं चालल्या."

मी धावत जाऊन पहिलं पाऊल उपटायला लागलो. अंगठा आला, टाच राहिली. डिंक कंपनीनं चांगला वापरला होता.

"राहू दे," आई म्हणाली. "एकदा बसवलं का हलवू नाई." बायको त्या पावलांच्या उलट दिशेनं चालत आत आली, वाहत्या गर्दीत कुणी विरुद्ध बाजूनं यावं तशी. आईनं खुर्ची दिवसभर दारातच ठेवायला लावली आणि फाटकाकडे बघत बसली.

तर हा माझा पराक्रम. आता घराचं सांगतो, कारण ती पावलं कुठे निघाली होती ते रस्ता पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

बोरगाव मेघेत आम्ही घर बांधलं तेव्हा रस्त्यावरून वरांड्यात यायला पाच पायऱ्या होत्या. आई आमच्या गावाहून, रोहण्याहून, वास्तूला आली तेव्हा तिसऱ्या पायरीवर थांबून म्हणाली, "एवढं उच्च कायले बांधलं? इथं नदी हाय का?" मी हसलो. गल्लीत तेव्हा मुरूम होता. मग डांबर आलं आणि एक पायरी गेली. ते डांबर उखडलं, ते खरवडून न काढता त्याच्यावरच दुसरं आलं आणि दुसरी पायरी गेली. दोन्ही वेळा आम्ही पेढे वाटले. पायऱ्या कुणी मोडल्या नव्हत्या, त्या आहेत तिथेच होत्या, फक्त रस्ता चढत होता. आम्ही वर्षानुवर्षं एकाच घरात राहून हळूहळू खाली उतरत होतो आणि आम्हाला वाटत होतं की आपली गल्ली सुधारते आहे.

समोरचं घर मॅडमचं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळी गल्ली त्यांना मॅडमच म्हणते. आजूबाजूला पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, शेतं होती तेव्हा त्यांचं घर झालं, गल्लीतलं पहिलं. दोनच पायऱ्यांचं, बसकं घर आणि समोर लांब ओटा. यजमान गेल्यावर त्या एकट्याच राहत होत्या, पण एकट्या दिसायच्या नाहीत. ओट्यावर बाया भाजी निवडायच्या, पोस्टमन पाणी प्यायचा, दरवर्षी चौदा एप्रिलला अख्ख्या गल्लीला तिथेच खीर मिळायची. माझी मुलगी बाराखडी त्याच ओट्यावर शिकली. ओट्यासमोर मातीची पट्टी होती, पट्टीत कडुनिंब होता. उन्हाळ्यात घामानं निथळत येणारा भाजीवाला आपोआप तिथेच थांबायचा. असं म्हणता येईल की आमच्या गल्लीला बसायची एकच जागा होती आणि ती मॅडमची होती.

मग या महालक्ष्म्यांच्या दोन वर्षं आधी आम्हाला सिमेंटचा रस्ता हवासा वाटला. अर्ज मी लिहिला. गल्लीतले सगळे अर्ज मीच लिहितो, कारण माझं अक्षर बरं आहे आणि नोकरी कारकुनाची. 'या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पूर्ण सिमेंट, चिखलास वाव राहू नये,' हे वाक्य माझं. मला ते फार आवडलं होतं. सह्यांचा कागद मी आधीच कोरा फिरवून आणला होता, मजकूर नंतर.

मॅडमनी सही करताना सांगितलं होतं, "भाऊ, एक ओळ टाकाल. जुना रस्ता खोदून काढावा, त्याच उंचीवर नवा करावा, आणि नाली उघडी ठेवावी. नाही तर माझं घर खड्ड्यात जाईल."

"टाकतो ना, मॅडम."

मी अर्ज लिहिला तो पानाच्या शेवटच्या रेघेवर संपला. काय सुंदर बसला होता! 'आपले नम्र' बरोबर खालच्या कोपऱ्यात. मॅडमची ओळ टाकायची तर दुसरं पान लागलं असतं. नोकरीत मी एक गोष्ट शिकलो आहे की एका पानापलीकडचा अर्ज साहेब वाचत नाही. मी पानाची घडी घातली आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात देऊन आलो. संध्याकाळी मॅडमनी ओट्यावरून विचारलं, "ओळ टाकली ना?" मी सायकलवरून उतरलोही नाही. "टाकली, टाकली," म्हणालो.

रस्ता आला. एका झटक्यात माझ्या आणखी दोन पायऱ्या गेल्या. उरली एक. मॅडमच्या दोन पायऱ्या आता रस्त्यावरून खाली उतरायच्या झाल्या. ओट्यावर बसलं की डोळ्यांसमोर गाड्यांची चाकं यायची. बाया तिथे भाजी निवडेनाशा झाल्या, कारण शेंगांवर धूळ उडायची. कडुनिंबाला गळ्यापर्यंत सिमेंट घातलं होतं, तो पुढच्या उन्हाळ्यात वरून वाळत खाली आला. रस्ता गुळगुळीत झाल्यामुळे गाड्या जोरात जायला लागल्या, म्हणून आई बाहेर पडेना. पूर्वी ती काठी टेकत रस्ता ओलांडून मॅडमकडे जायची. आता मॅडमच इकडे यायच्या, दोन्हीकडे बघून, पदर सावरून, पळत.

मी मात्र त्या दिवसांत कार घेतली. चालवायची हौस मोठी, काम एवढंच की रविवारी चक्कीवरून दळण आणायचं. कार आत घ्यायला नालीवर रॅम्प हवा. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, खाली मोठा पाइप टाका. वरून सगळ्या गल्लीचं पानी येते." मोठा पाइप टाकला की रॅम्प उंच होतो आणि गाडीचं पोट घासतं. मी गाडीच्या पोटाचा विचार केला. लहान पाइप टाकला, वर चौकडीच्या फरश्या बसवल्या. गल्लीत सर्वांनी रॅम्प केले, पण माझ्याइतका देखणा कुणाचा नव्हता.

महालक्ष्म्यांच्या आदल्या वर्षी पावसाळ्यात एकदा पाणी माझ्या रॅम्पशी अडलं, रस्ता ओलांडून मॅडमच्या दारापर्यंत गेलं, उंबऱ्याला लागलं आणि थांबलं. मॅडम हसून म्हणाल्या, "पाहून गेलं." त्यांचा मुलगा पुण्यात. तो हसला नाही. त्यानं फोनवर बजावलं, की एकदा जरी पाणी घरात शिरलं तरी आई, तुझं काही ऐकणार नाही, घेऊन जाईन. हे मॅडमनी आईला सांगितलं, आईनं मला. मी म्हणालो, "रॅम्पचं बघतो यंदा." मी बघत होतो. रोज सकाळी दात घासता घासता बघायचो.

तर महालक्ष्म्यांचा दुसरा दिवस, जेवणाचा. पुरण, सोळा भाज्या, आंबील, वरती फुलोरा बांधलेला. दोन दिवसांपासून ऊन होतं, पण ऊन धड नव्हतं. घामट, पिवळट. रस्ता तव्यासारखा. फाटकाच्या खांबावरून काळ्या मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून वर चढत होत्या, थांबत नव्हत्या. न्हाणीघरात सकाळी एक बेडूक निघाला. मी त्याला बादलीनं बाहेर सोडला, दुपारी परत तिथेच बसलेला. हॉलच्या भिंतीवरची ओल त्या आठवड्यात बाबांच्या फोटोच्या चौकटीला टेकली होती.

आई दारातल्या खुर्चीवरून म्हणाली, "बाबू, नाली काऊन चूप हाय?"

"पाऊस नाई तं कशी बोलंन ती?"

"सांडपानी तं येते ना वरच्या घराईचं? वाहतं पानी बोलते. हे चूप हाय. हे थांबून हाय."

मी पाहुण्यांच्या ताटांच्या गडबडीत होतो. बघतो म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडाला फार सवयीचा आहे.

मॅडम बाराला आल्या. "मी पूजेसाठी नाही, आंबिलासाठी येते," हे त्यांचं दरवर्षीचं वाक्य. आई म्हणायची, "देवी काही तुमची परीक्षा नाई घेत, मॅडम. बसा." या वेळी मॅडम रॅम्पवरच थांबल्या. पावलं पाहिली. मान वळवून रस्त्यापलीकडे पाहिलं. पावलांची रांग सरळ त्यांच्या दारावर रोखलेली होती.

"या तर माझ्याकडे निघाल्या!" मॅडम मोठ्यानं हसल्या. "भाऊ, विचारायचं तरी. घरात चहाला दूध नाही."

सगळे हसले. बायकोही. एकटी आई हसली नाही.

पंगत अर्ध्यावर असताना अंधारून आलं, दुपारी दोनला. वारा नव्हता. बायकोनं दिवा लावला आणि लगेच पाऊस सुरू झाला. त्या पावसाला थेंब नव्हते, नुसता एक आवाज होता. आम्ही एकमेकांना ओरडून वाढत होतो. 'पवनारला धाम नदी चढली असंन,' एक पाहुणा म्हणाला. 'थांबतेच आता,' दुसरा म्हणाला. अर्धा तास झाला, पाऊण झाला.

मग आई ओरडली. "चपला!"

मी दारात गेलो. वरच्या सगळ्या घरांचं पाणी नालीतून आलं होतं आणि माझ्या रॅम्पशी उभं राहिलं होतं. ते नालीतून उसळून रॅम्पवर चढलं होतं, तपकिरी, फेसाळ. पूर्वी निम्मं पाणी मातीच्या पट्टीत जिरायचं. आता जिरायला काही नव्हतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंट, माझ्या अर्जाप्रमाणे. पाहुण्यांनी रॅम्पवर काढलेल्या चपला उचलल्या गेल्या होत्या आणि एकामागे एक रस्ता ओलांडत होत्या. कोल्हापुरी, स्लीपर, माझ्या मेव्हण्याचे नवे बूट. घाई नाही, धक्काबुक्की नाही. पावलं ज्या वाटेनं रोखलेली होती त्याच वाटेनं, मॅडमच्या दाराकडे. तिथे पोचल्या की दोन पायऱ्या उतरून आत जात होत्या.

मॅडम माझ्यामागे उभ्या होत्या. हातात आंबिलाची वाटी. वाटी त्यांनी आईच्या हातात दिली.

"सब्बल कुठे हाय?" बायकोनं मला विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत तीच ती जड पहार घेऊन आली. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून माझ्याच रॅम्पवर घाव घालायला लागलो. फरश्या पहिल्या घावाला तडकल्या, आतलं सिमेंट मात्र तडकेना. मिस्त्रीनं काम चोख केलं होतं. मेव्हणा अनवाणी आला, शेजारचे दोघे घण घेऊन आले. अर्ध्या तासानं पाइप उघडा पडला, फुटला, आणि पाणी एकदम आवाज करून खाली गेलं. नाली बोलायला लागली.

तोवर मॅडमच्या घरात पाणी खाटेच्या माच्याला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी, महालक्ष्म्या उठवायच्या दिवशी, आम्ही सगळे त्यांच्याकडे गाळ काढत होतो. चपला स्वयंपाकघरात सापडल्या, ओळीनं लावल्यासारख्या. मॅडम ओल्या वह्या ओट्यावर वाळत घालत होत्या, जुन्या विद्यार्थ्यांचे हजेरीपट. उद्या नको, आजच सांगून टाकू असं ठरवून मी फावडं खाली ठेवलं.

"मॅडम, ती ओळ..."

"अर्जातली?" त्यांनी वही झटकली. "माहीत आहे मला. नालीचं विचारायला गेले होते त्या कार्यालयात, तर त्यांनी फाइलच समोर ठेवली. वाचला मी अर्ज."

"कधी?"

"झाली की दोन वर्षं. रस्ता व्हायच्या आधीच." मग शाळेत वही परत देताना बोलावं तशा म्हणाल्या, "अक्षराला दहापैकी दहा."

"मग बोलल्या काऊन नाई तुम्ही?"

"म्हटलं, सांगाल कधीतरी. मीच तेव्हा दुसरा अर्ज द्यायला हवा होता. पण तुमच्या अर्जामागून माझा अर्ज गेला असता तर गल्लीत तुमचं हसं झालं असतं. आणि रोज तुमच्याच घरी चहा प्यायचा. तेवढ्यासाठी राहून गेलं." त्यांनी पुढची वही उचलली. "आपलं सगळ्यांचं तेवढ्या तेवढ्यासाठीच राहतं, भाऊ."

मुलगा चौथ्या दिवशी आला. तो भला माणूस, कुणाला काही बोलला नाही, फक्त भिंतीवरची पाण्याची रेघ बोटानं मोजत राहिला. आईनं मॅडमना जाताना आंबिलाचं पीठ बांधून दिलं आणि म्हणाली, "दिवाळीले येजा." मॅडम म्हणाल्या, "येते." दोघींनाही ते खरं वाटलं नसावं. गाडी वळली तेव्हा ओट्यावर एक वही वाळत राहिलेली होती. ती मी उचलून आणली. अजून माझ्या टेबलावर आहे.

मी दुसरा अर्ज लिहिला. तीन पानं झाली. रस्ता खाली घ्या, मातीची पट्टी परत द्या, सगळ्यांचे रॅम्प काढा, माझा काढलेलाच आहे. गल्लीत सह्यांना फिरलो तर वरच्या घरचे काका म्हणाले, "रॅम्प काढून गाडी काय डोक्यावर ठेवू? आमच्याकडे कुठी पानी येते?" दुसरे म्हणाले, "आता मॅडम गेल्या ना, मग कायचा प्रश्न हाय?" सह्या आमच्या घरच्याच झाल्या. अर्ज दिला. तो वाचला गेला की नाही माहीत नाही.

मॅडमचं घर हिवाळ्यात विकलं गेलं. नव्या माणसानं ते पाडलं, ओट्यासकट. उन्हाळ्यात पाया भरला. तो शहाणा माणूस आहे, गल्लीत चौकशी करून आलेला. परवा सकाळी त्याच्या मिस्त्रीनं जोत्याची उंची दाखवायला चार खुंट्यांना दोरी बांधली. मी चहाचा कप घेऊन फाटकाशी उभा होतो. दोरी माझ्या छातीला लागेल एवढ्या उंचीवर होती. सगळी जागा मुरूम टाकून तिथवर भरणार होते. रस्ताही पुन्हा होणार असल्याचं मिस्त्री सांगत होता, आहे त्याच्यावर नवा थर.

आईनं दारातल्या खुर्चीवरून विचारलं, "कायची दोरी हाय बाबू ते?"

बायको सडा टाकायला बादली घेऊन बाहेर आली होती. तिनं दोरी पाहिली. मग आमची उरलेली एक पायरी पाहिली. रॅम्पच्या तुकड्यांवर अजून दोन लाल पावलं चिकटून आहेत, तीही पाहिली. बादली तिनं न ओतताच खाली ठेवली.

"आता गल्लीत सगळ्याईत खाली आपलंच घर हाय," ती म्हणाली.